पावसाच्या पाण्याचा हिशेब : इंदुरी, इंद्रायणी आणि अन्नाचे कारखाने

१/
आजच्या थ्रेडचा आरंभ एका भागाकाराने करू. एक लिटर दूध नदीत सांडले, तर ते कुजविताना सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला सुमारे १०० ग्रॅम प्राणवायू खातात. आपल्याकडील उबदार नदीच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात प्राणवायू असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे एका लिटर दुधाची भूक भागविण्यासाठी साधारण १२,५०० लिटर पाण्यातील सगळा प्राणवायू खर्ची पडतो. जे माणसाचे पूर्णान्न, तेच माशाचा श्वास कोंडते.

२/
पुण्याच्या मावळातील इंदुरी हे गाव मध्यभागी ठेवून एक प्रश्न तपासायचा आहे : अन्न बनविणाऱ्या कारखान्याच्या आवारावर पडलेले पावसाचे पाणी नदीला मिळते, तेव्हा त्याचा हिशेब कोण ठेवतो? कायद्याच्या इतिहासात या पाण्याकडे फार उशिरा लक्ष गेले. ते का, हे पाहण्यासाठी लंडन, बोस्टन आणि साखरपट्टा असा प्रवास करून आपण पुन्हा इंद्रायणीकाठी येऊ.

३/
आधी नदी. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते, कार्ले, कामशेत करीत तळेगाव-इंदुरीपाशी येते, पुढे देहू, मोशी, आळंदी ओलांडून तुळापूरला भीमेस मिळते. भीमा पुढे उजनीच्या जलाशयात शिरते. उगमाकडे पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात. पूर्वेकडे जाऊ तसा तो झपाट्याने उतरतो. या नदीच्या नावाने तांदूळही आहे : वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला 'इंद्रायणी'. नदी आणि अन्न यांचे नाते इथे घरच्या ताटापर्यंत पोहोचते.

४/
इंदुरी इतिहासात ओळखली जाते ती दाभाड्यांमुळे. खंडेराव दाभाडे यांना छत्रपती शाहूंनी १७१७ मध्ये सरसेनापतिपद दिले. गुजरातेत मराठ्यांचा शिरकाव ज्यांनी पक्का केला, त्यांत हे घराणे अग्रणी. इंद्रायणीच्या काठी उभी असलेली इंदुरीची गढी त्यांचीच, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. गढीसाठी नदीकाठ निवडण्याचे कारण उघड आहे : पाणी आणि संरक्षण एकाच जागी. जे पाणी तट राखीत होते, तेच प्यायचेही होते.

५/
गढीनंतर सुमारे शंभर वर्षांनी या नदीकाठी एक निराळा माणूस आला. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. दख्खनची सांख्यिकी गोळा करण्याचे काम त्याच्याकडे होते. माणसे, पिके, पक्षी यांच्याबरोबर त्याने मासेही नोंदविले. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वर्णनांत चाकणजवळच्या इंद्रायणीतील एक मासा आहे : नाकाडावर खोल खाच असलेला 'नुक्टा'. साइक्सने स्थानिक नावच शास्त्रीय नावात ठेवले. म्हणजे जगाच्या प्राणिशास्त्राला या माशाची पहिली ओळख इंद्रायणीने करून दिली. आज तो संकटग्रस्त प्रजातींत गणला जातो. त्याच्या ऱ्हासाला धरणे, परके मासे, मासेमारी, प्रदूषण अशी अनेक कारणे आहेत; एकाच कारणावर बोट ठेवणे अनैतिहासिक ठरेल.

६/
आता कारखाने. या टापूत उद्योगाची चाहूल विसाव्या शतकाच्या आरंभीच लागली. स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०८ मध्ये, पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावात उभा राहिला. पुढे मुंबई-पुणे लोहमार्ग आणि महामार्ग यांच्या शेजारामुळे उद्योग वाढत गेले. इंदुरीची ओळख मात्र दुधाशी जोडली गेली. कॅडबरी कंपनीने दुधाचे उत्पादन वाढावे या हेतूने 'इंदुरी फार्म्स' ही उपकंपनी १९७७ मध्ये स्थापन केली, आणि गावाचे नाव चॉकलेटच्या उद्योगाशी कायमचे जुळले.

७/
इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख कोणत्याही एका कारखान्यावर आरोप करण्यासाठी नाही. पुढे जे वर्णन येईल ते दूध, साखर, पीठ, तेल, फळे, मांस, मद्य अशा कोणत्याही अन्नोद्योगाच्या आवाराला लागू पडते. इंदुरी आपल्याला हवी आहे ती तिच्या जागेमुळे : वर मुसळधार पावसाचा घाट, खाली देहू-आळंदीची तीर्थे, आणि मध्ये अन्न बनविणारे गाव.

८/
अन्नाच्या कारखान्यातून पाणी दोन वाटांनी बाहेर पडते. पहिली वाट सांडपाण्याची : भांडी, यंत्रे, फरशा धुतल्याचे पाणी नळातून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जाते. दुसरी वाट पावसाची : छप्पर, रस्ता, माल उतरविण्याचा धक्का, टँकर उभे करण्याची जागा, कचऱ्याचे पिंप यांवर पडलेले पाणी उघड्या पावसाळी गटारात जाते, तेथून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत. पहिल्या वाटेवर पहारा आहे. दुसऱ्या वाटेवर बहुधा फक्त एक जाळी असते, तीही पालापाचोळा अडविण्यासाठी.

९/
या दुसऱ्या वाटेवर काय असते? टँकरची नळी सोडताना ओघळलेले दूध. फाटक्या गोणीतील साखर आणि मैदा. धुराड्यातून व पंख्यांतून उडून छपरावर साचलेली दुधाची भुकटी. तेलाच्या पिंपांखालचा चिकट थर. बॉयलरची राख. शुद्धीकरण केंद्रातून काढून उघड्यावर वाळत घातलेला गाळ. यांतील एकही वस्तू 'विष' या शब्दात बसत नाही, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटत नाही. पाणी पडेपर्यंत ती नुसती धूळ असते; पाऊस पडला की तीच नदीचे ओझे होते.

१०/
प्रमाण लक्षात घेऊ. एक एकर पक्क्या जागेवर केवळ १० मिलिमीटर पाऊस पडला, तरी सुमारे ४०,००० लिटर पाणी वाहून जाते. मातीने त्यातील बराच भाग पिऊन घेतला असता. काँक्रीट आणि पत्रा काहीच पीत नाहीत. उन्हाळाभर साचलेला सारा मळ या पहिल्या काही मिनिटांच्या लोंढ्यात उतरतो. पुढचे पाणी तुलनेने स्वच्छ असते. म्हणून सारा प्रश्न वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या सरींचा आहे.

११/
आणि नेमक्या याच सरींची नदी वाट पाहत असते. मावळात ज्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात, ते पहिल्या पुराबरोबर अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत, खाचरांत चढतात. उन्हाळ्यात आटलेली नदी, डोहांत अडकलेले थोडे पाणी, त्यात आधीच कमी झालेला प्राणवायू. आणि त्यावर आवारांचा पहिला धुवा. माशांच्या वर्षातील सर्वांत महत्त्वाचा आठवडा आणि गटारांचा सर्वांत मलिन आठवडा एकच.

१२/
मग कायद्याने याची दखल का घेतली नाही? उत्तरासाठी लंडनला जावे लागते. ब्रिटनमध्ये १८९८ मध्ये सांडपाण्याच्या विल्हेवाटीसंबंधी एक शाही आयोग नेमला गेला; तो १९१५ पर्यंत चालला. पाणी किती मलिन आहे हे मोजण्यासाठी त्याने रूढ केलेली कसोटी म्हणजे 'जैविक प्राणवायू मागणी', ज्याला आपण आज बीओडी म्हणतो. १९१२ च्या आठव्या अहवालात मर्यादा सुचविली गेली : नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याची मागणी लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी.

१३/
या आकड्याच्या पोटात एक गृहीतक होते : नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी असेल, आणि ते मलिन पाण्याला सामावून घेईल. चाचणीचे दिवस पाच ठरले; ब्रिटनच्या नद्यांचे पाणी तेवढ्या काळात समुद्राला मिळते, असे त्याचे कारण सांगितले जाते. इंद्रायणीला हे कसे लागू व्हावे? मे महिन्यात तिच्यात आठपट पाणी नसते, आणि तिचे पाणी समुद्रापाशी पोहोचण्याआधी उजनीत महिनोन्‌महिने थांबते. भारतीय मानकांनी उष्ण हवामान ओळखून चाचणी २७ अंशांवर तीन दिवसांची केली. मोजण्याची मूळ कल्पना मात्र तीच राहिली : नळाच्या तोंडाशी उभे राहायचे आणि बाटली भरायची.

१४/
महाराष्ट्राचे श्रेय इथे नोंदविले पाहिजे. ओरिसाने १९५३ मध्ये नदीप्रदूषणाचा कायदा केला होता. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम केला आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. केंद्राचा जल अधिनियम त्यानंतर, १९७४ मध्ये झाला. महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. म्हणजे देशाला केंद्रीय कायदा मिळण्याआधीच या राज्याला मंडळ होते. इंदुरी फार्म्स उभी राहिली, तेव्हा राज्याचा स्वतःचा कायदा लागू होता.

१५/
कायद्याची भाषाही अपुरी नव्हती. १९७४ च्या अधिनियमातील कलम २४ मलिन द्रव्य प्रवाहात 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष' जाऊ देण्यास मनाई करते. पावसाने वाहून नेलेले दूध या 'अप्रत्यक्ष'मध्ये खुशाल बसते. अडचण शब्दांची नव्हती, पुराव्याची होती. कलम २१ नुसार नमुना विधिपूर्वक घ्यायचा : कारखानदाराला तिथेच सूचना, नमुन्याचे भाग, मोहर, सही. नळाचे पाणी रोज वाहते, त्याचा नमुना मंगळवारी घ्या वा शुक्रवारी. पहिल्या सरीचे पाणी अर्धा तास वाहते. अधिकारी पोहोचतो तेव्हा गटारात उरतो चिखल.

१६/
राज्यात पावसाचा विचार कायद्यात शिरला तो साखरेच्या दाराने. प्रवरेच्या सहकारी कारखान्यानंतर साखरपट्टा पसरला, आणि मळीपासून मद्यार्क करणाऱ्या आसवन्या त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. आसवनीतून निघणाऱ्या काळ्या सांडपाण्याची प्राणवायू मागणी लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्याही वर जाते. घरगुती मैलापाण्याची असते २०० ते ३००. ऊस गाळण्याचा हंगाम कोरड्या ऋतूचा. हंगाम संपतो, आणि मळीच्या टाक्या, चोथ्याचे ढीग, काळ्या पाण्याची तळी उघड्या आकाशाखाली जूनची वाट पाहत राहतात.

१७/
म्हणून २००३ मध्ये केंद्रीय मंडळाने उद्योगांशी जो जबाबदारीचा करार केला, त्यात आसवन्यांच्या तळ्यांना मर्यादा आली : साठा तीस दिवसांचाच, आणि तळे न पाझरणारे. या काळ्या पाण्याचे कंपोस्ट करणाऱ्या आसवन्यांसाठी वर्षाचे २७० दिवसच कामाचे धरले जाऊ लागले, कारण उरलेले दिवस पावसाचे. या एका नियमात मोठी कबुली आहे : आपल्या देशात प्रदूषणाला ऋतू असतो, आणि परवान्यालाही तो असला पाहिजे.

१८/
गोड पदार्थाने काय होऊ शकते, याची दोन उदाहरणे. बोस्टन शहरात १५ जानेवारी १९१९ रोजी मळीची एक प्रचंड टाकी फुटली. रस्त्यांवरून आलेल्या लाटेत २१ माणसे मेली. पंजाबात मे २०१८ मध्ये गुरुदासपूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याची मळी बियास नदीत उतरली. पाण्याचा रंग बदलला, प्राणवायू संपला, मासे मोठ्या संख्येने मेले आणि राज्याच्या मंडळाने पाच कोटी रुपयांचा दंड केला. दोन्ही अपघात पावसाशिवायचे होते, म्हणूनच ते दिसले. पावसातील गळती पुराच्या गढूळ पाण्यात मिसळते आणि बातमी होत नाही.

१९/
पावसाच्या पाण्याला स्वतंत्र परवाना हवा, हे सविस्तर मांडले ते अमेरिकेने, आणि तेही दुसऱ्या प्रयत्नात. तेथील १९७२ च्या कायद्याची नजर आपल्यासारखीच नळांवर होती. नळ आटोक्यात आले, तरी नद्या अपेक्षेइतक्या सुधारल्या नाहीत. १९८७ मध्ये कायदा दुरुस्त झाला, १९९० मध्ये नियम आले, आणि १९९५ मध्ये उद्योगांच्या पावसाळी पाण्यासाठी सामायिक परवाना निघाला. त्यात खाद्यपदार्थ उद्योगांचा वेगळा विभाग आहे. दूध आणि पीठ यांना परवान्यात जागा मिळावी, ही गोष्ट तेव्हा अनेकांना विचित्र वाटली असेल. आपण पहिल्या परिच्छेदातील भागाकार केला आहे. आपल्याला ती वाटू नये.

२०/
आपल्याकडेही धागा आहे. कीटकनाशकांसारख्या रासायनिक उद्योगांच्या राष्ट्रीय मानकांत पावसाळी पाण्याचे कलम आलेले आहे : हे पाणी सांडपाण्यात वा फरशी धुतलेल्या पाण्यात मिसळू द्यायचे नाही, स्वतंत्र वाटेने न्यायचे, आणि दहा मिनिटांचा पाऊस मावेल एवढ्या, प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या खड्ड्यातून पुढे सोडायचे. दहा मिनिटे, म्हणजेच तो पहिला धुवा. विज्ञान नियमात उतरले आहे. ते उतरले प्रथम तिथे, जिथे 'विष' डोळ्यांना दिसत होते.

२१/
उपाय अवघड नाहीत, हे या विषयातील सर्वांत खेदाचे. माल उतरविण्याच्या धक्क्यावर छप्पर. टँकरच्या जागेभोवती वीतभर उंचीचा बांध. सांडलेले पीठ पाण्याने लोटून न देता आधी झाडूने गोळा करणे. कचऱ्याच्या पिंपांना झाकण. पावसाळी गटाराच्या तोंडाशी बंद करता येणारी झडप. आणि पहिला धुवा साठवून तो शुद्धीकरण केंद्राकडे वळविणारी टाकी. मावळातील शेतकरी मृगाआधी बांधबंदिस्ती करतो, घर शाकारतो. कारखान्यानेही मे महिन्यात आपले आवार 'शाकारावे', एवढीच ही अपेक्षा.

२२/
हिशेब प्रामाणिक ठेवला पाहिजे. अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर तरंगलेला पांढरा फेस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यामागे प्रामुख्याने शहरांचे प्रक्रिया न केलेले मैलापाणी, साबणद्रव्ये आणि निरनिराळ्या उद्योगांचे सांडपाणी आहे. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते. इंद्रायणीचाही त्यांत समावेश होता. अन्नोद्योगाच्या पावसाळी पाण्याचा वाटा या सगळ्यात लहान असेल. पण जो वाटा कधी मोजलाच गेला नाही, त्याला लहान म्हणतानाही जपून बोलावे.

२३/
शेवटी पुन्हा माशांकडे. ज्या नदीच्या काठी साइक्सने नुक्टा पाहिला, तिच्याच उगमाच्या प्रदेशात, लोणावळ्याच्या वळवण तलावाशी, टाटा वीज कंपनीचे मत्स्यबीज केंद्र १९७० च्या दशकाच्या आरंभापासून महसीर मासा वाढवीत आले आहे. देहू-आळंदीच्या डोहांतील माशांना वारकऱ्यांच्या श्रद्धेने शतकानुशतके अभय दिले. वर विज्ञान, खाली श्रद्धा. दोघांनी मासा राखण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मधल्या पट्ट्यात गावे, रस्ते आणि आवारे आहेत. तेथे मासा राखण्याचे काम कायद्याचे आणि आपले.

२४/
इंदुरीची गढी पाहायला जाल, तेव्हा तट, बुरूज आणि दरवाजा पाहून लगेच परतू नका. इंद्रायणीकडे उतरणारे ओढे कुठून येतात ते पाहा. एखाद्या आवाराच्या भिंतीखालून बाहेर पडणारे गटार दिसले, तर ते नकाशावर नोंदवा. पहिल्या पावसाच्या आधी एक छायाचित्र आणि पहिल्या सरीत एक छायाचित्र, तारीख-वेळेसह. साइक्सने केले ते याहून फार निराळे नव्हते : जे दिसले ते स्थळकाळासह लिहून ठेवले. त्या नोंदीमुळेच आज आपल्याला कळते की इंद्रायणीत काय होते. पुढच्या पिढीला इंद्रायणीत काय वाहत आले हे कळायचे असेल, तर ती नोंद आपल्याला करावी लागेल.

थ्रेड समाप्त. आपल्या गावच्या ओढ्याची अशी एखादी नोंद असेल, तर खाली जरूर लिहा.